लहान ए ते लहान झेड

एंटर दाबलं आणि यंत्र गप्प झालं.

दर शुक्रवारी दुपारी मी तो हुकूम द्यायचो. आर, एम, मोकळी जागा, मग चौकोनी कंसात लहान ए, आडवी रेघ, लहान झेड, कंस बंद, शेवटी एक तारा. अर्थ असा की लहान ए पासून लहान झेडपर्यंतच्या कुठल्याही अक्षरानं ज्या फायलींचं नाव सुरू होतं, त्या सगळ्या पुसून टाक. पाच वर्षं देत होतो. बोटं आपोआप जायची. हुकूम दिला की पापणी लवायच्या आत काम व्हायचं. त्या दिवशी झालं नाही. मी चहाचा कप उचलला, एक घोट घेतला, तरी काळ्या पडद्यावर काही हालेना.

मग ठिपका लुकलुकायला लागला. मी यादी मागवली.

पुसून झाल्यावर तिथं बेचाळीस नावं उरायची. त्या दिवशी एक ओळ आली. झिप्रू.

मी पुन्हा यादी मागवली. पुन्हा तेवढंच. पडदा खाली सरकवून पाहिला, वर सरकवून पाहिला. दित्या नाही, जात्र्या नाही, खात्र्या नाही, वेस्ता नाही. एकटा झिप्रू.

ते यंत्र एकदाही विचारत नाही, की बाबा खरंच पुसू का. यंत्र बसवून देणाऱ्या पिंगळेसरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आप्पा, हे गुलाम आहे. सांगितलं की करतं. सांगण्याआधी तुम्ही विचार करायचा."

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. सातपुड्याच्या पायथ्याशी, बाजाराच्या गावी आमचं केंद्र होतं. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं कडुलिंब. नलूताई ते चालवायच्या. मी तिथं दार उघडणं, झाडणं, टपाल आणणं या कामाला लागलो. अक्षरं शिकलो होतो पंचेचाळिसाव्या वर्षी, साक्षरता वर्गात, बायकांच्या मागच्या रांगेत बसून. इंग्रजी अक्षरं ताईंनी पुढच्या वर्षी शिकवली. त्यांनी भिंतीवर दोन पुठ्ठे टांगले होते. वरच्यावर मोठी एबीसीडी, खालच्यावर लहान. मी आधी वरचा पुठ्ठा पाठ केला, मग खालचा. त्यामुळं माझ्या डोक्यात त्या दोन पंगती वेगळ्या. या पंगतीतला माणूस त्या पंगतीत बसत नाही.

घाटाखाली गारगोटी दळायची गिरणी होती. पांढरा दगड दळून त्याची पिठासारखी भुकटी करायचे, ती काचेच्या कारखान्यांना जायची. डोंगरातल्या पाड्यांवरची माणसं तिथं एक-दोन हंगाम काम करून घरी आली की खोकायला लागायची. धिप्पाड माणूस वर्षा-दोन वर्षांत काठीसारखा व्हायचा. मालक म्हणायचा, ही माणसं माझ्याकडं कधी कामाला नव्हतीच. हजेरीपटावर एकाचंही नाव नव्हतं. गिरणी चालूच होती. दिवाळी झाली की नव्या माणसांचा ट्रक भरायचा.

म्हणून ताईंनी ते काम काढलं. पाड्यावरचा एक शिक्षक आजारी माणसांच्या खाटेशी बसून त्यांचं बोलणं यंत्रात भरून आणायचा. नाव काय, पाडा कुठला, गिरणीत कधी गेलास, कुठल्या खोलीत काम केलंस, शेजारी कोण होतं. सगळं पावरी भाषेत. बेचाळीस माणसं बोलली. मी सांगतो त्या शुक्रवारपर्यंत त्यातलं एकही जिवंत नव्हतं. शिक्षकाची बदली झाली होती. त्याच्याकडचं यंत्र एकच, नवं भरताना जुनं जायचं. सीडी एकही काढलेली नव्हती, ती लिहायचा डबा दुरुस्तीला जळगावला गेलेला. जे होतं ते आमच्या संगणकात.

फायलीला माणसाचं नाव, इंग्रजी अक्षरांत. मूळ आवाजाच्या फायलीचं पहिलं अक्षर मोठं. कामाची प्रत केली की तिचं लहान. ही पद्धत मीच पाडली होती. कामाच्या प्रतीतून मी खोकला कापायचो, म्हणजे लिहून घेणाऱ्या मुलीला शब्द नीट कळतील. तिचं झालं की शुक्रवारी लहान अक्षराच्या प्रती पुसायच्या. मूळ आवाजाला हात लावायचा नाही.

आणि पुढच्या गुरुवारी चौकशी समिती बसणार होती. मालकाचा वकील येणार होता. ताईंचं म्हणणं, कागद दाखवला तर तो म्हणेल हे तुम्हीच लिहिलं. आवाज ऐकवला तर त्याला निदान ऐकावं तरी लागेल.

इतकं सगळं त्या एका ओळीकडं बघताना माझ्या लक्षात होतं. तरी मी ताईंना हाक मारली नाही. आधी ती झिप्रूची फाइल उचलली आणि माझ्या सरावाच्या कप्प्यात नेऊन ठेवली. त्या कप्प्यात मी फावल्या वेळात अक्षरं गिरवायचो, तिथं कोणी पाहायचं नाही. का नेली, ते त्या वेळी मी स्वतःलाही सांगितलं नाही. मग उठलो आणि शेजारच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"ताई, गेलं सगळं."

"काय गेलं?"

"माणसं."

ताई धावत आल्या. रिकामा पडदा बघितला. खुर्चीत बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "आप्पा, आता यंत्राला कोणी हात लावू नका. मी पिंगळ्यांना फोन करते."

पिंगळेसर नाशिकला एका कंपनीत होते. सुट्टीच्या दिवशी आमचं काम फुकट करायचे. त्यांनी आठवड्यापूर्वीच जुनं यंत्र काढून नवं बसवलं होतं, आवाज जसेच्या तसे त्यात आणून जुनं कोरं करून विकून टाकलं होतं. ते रविवारी सकाळी आले. बूट न काढता थेट आत गेले. चार तास काहीबाही करून पाहिलं. तुकडे सापडले. एका तुकड्यात कोणाचा तरी अर्धा श्वास होता. बाकी नुसती खरखर.

दुपारी त्यांनी खुर्ची मागं सरकवली. "आप्पा, हुकूम कसा दिला होतात? अगदी तसाच कागदावर लिहा."

मी लिहिला. त्यांनी कागद बघितला आणि डोळे मिटून घेतले.

"हुकूम बरोबर आहे. चूक माझी आहे."

"तुमची कशी?" ताईंनी विचारलं.

"जुन्या यंत्रात मी भाषा बसवली नव्हती. त्याच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. आधी मोठी सव्वीस ओळीनं, मग लहान सव्वीस ओळीनं. लहान ए ते लहान झेड म्हटलं की फक्त लहान. नव्या यंत्रात मी भाषा बसवली, म्हणजे यादी शब्दकोशासारखी लागेल, नाव शोधायला सोपं जाईल. मग त्यानं रांगही शब्दकोशाची धरली. लहान ए, त्याच्या शेजारी मोठा ए. लहान बी, मोठा बी. असं शेवटपर्यंत."

ते मला दिसलं होतं. आठवडाभर यादीत लहान दित्या आणि मोठा दित्या शेजारीशेजारी बसलेले दिसत होते. मला ते बरं वाटलं होतं. बाप-लेक एका खाटेवर बसल्यासारखं.

ताई चिडल्या. "पण आप्पांनी पासून-पर्यंत सांगितलं ना? दोन टोकं दिली. मधलं त्यानं आपल्या मनानं कसं भरलं?"

"मधलं नेहमी तेच भरतं, ताई. टोकं फक्त आपण देतो. मध्ये कोण उभं आहे ते त्याच्या रांगेवर."

"मग रांग एकच पाहिजे. सगळ्या यंत्रांची एक."

"त्यावरच तर भांडणं चाललीत. काहींचं म्हणणं, माणूस जसा शब्दकोश वाचतो तशी रांग असावी. काही म्हणतात, जुने आकडेच बरे, कारण हुकूम देणाऱ्याला काय जाणार ते आधी कळलं पाहिजे. दोन्हीकडं शहाणी माणसं आहेत."

"तुम्ही कोणाकडं?"

"आज सकाळपर्यंत शब्दकोशवाल्यांकडं होतो." ते हसायला गेले, हसू आलं नाही. "आता म्हणेन की पुसायच्या हुकमात पासून-पर्यंत वापरूच नये. नावं घ्यावीत. एकेकाचं नाव घेऊन पुसावं. हात आपोआप थांबतो."

मी खिडकीबाहेर बघत होतो.

मग सर एकदम ताठ बसले. "थांबा. रांगेत सगळ्यात शेवटी मोठा झेड. तो लहान झेडच्या पलीकडं. त्याला धक्का लागलेला नसणार. आप्पा, झेडवरून कोणाचं नाव होतं का?"

ताई माझ्याकडं बघायला लागल्या. त्यांना बेचाळीस नावं पाठ नव्हती. मला होती.

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की, सर."

ते गेले. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्या हाताचं वजन मला अजून आठवतं.

मंगळवारी बाजार. मंगळवार म्हणजे रेमलीबाई यायची.

ती झिप्रूची बायको. चारोळी, आंबाडी, कधी मोहाची फुलं घेऊन पहाटे पाड्यावरून निघायची. बाजार आटोपला की रिकामी टोपली घेऊन आमच्याकडं. टोपली कडुलिंबाखाली पालथी घालायची, पाय झटकायची आणि आत येऊन संगणकासमोर खाली बसायची. खुर्चीवर कधी बसली नाही. ती सगळ्यांनाच तू म्हणायची, ताईंनाही.

"आप्पा, तुझी पेटी लाव."

मी लावायचो. सव्वाचार मिनिटं. ती ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "घरी होता तेव्हा दहा शब्द बोलायचा नाही. मेल्यावर बघ कसा बोलतो." एकदा मी चुकून खोकला कापलेली प्रत लावली. तिनं लगेच ओळखलं. "हा तो नाही. त्याचा खोकला कुठं आहे?"

वर्षभर हे चाललं होतं. दर मंगळवारी. ताई त्या दिवशी बहुधा तालुक्याला असायच्या, आणि रेमलीबाई नवऱ्याचं नाव घेत नसे.

त्या मंगळवारी ताई तिला दारातच भेटल्या. हात धरून ओट्यावर बसवलं आणि सांगितलं. रेमलीबाईला कळेना.

"मेला तो. ते मला माहीत आहे."

"आवाज गेला, बाई. पेटीतला."

"कुठं गेला?"

रेमलीबाई उठली, आत आली आणि नेहमीसारखी खाली बसली. पेटीच्या लाकडी कर्ण्याला कान लावला. बराच वेळ तशीच होती. ताई तिच्या मागं दारात उभ्या राहिल्या. तोंडावर पदर.

"आप्पा, तू लाव ना. हिला जमत नाही."

"नाही बाई. नाहीये."

तिनं माझ्याकडं मान वर करून बघितलं. त्या वर्षभरात तिनं माझ्या तोंडाकडं कधी नीट पाहिलं नव्हतं, ती पेटीकडंच बघायची.

"मग तू सांग."

"काय?"

"तो काय बोलायचा ते. तू किती वेळा ऐकलंस! माझ्याहून जास्त. तू तोंडानं सांग."

"मला कसं जमेल?"

"तुला पावरी येते. सांग."

मी स्टुलावर बसलो. हात कुठं ठेवावे कळेना. मग सुरू केलं. त्याच्याच शब्दांत, पावरीत. इथं मराठीत लिहितो.

"मी झिप्रू. माझ्या बापाचं नाव सायसिंग. वेस्ता माझा धाकटा भाऊ. आम्ही बाजारात बैल बघायला गेलो होतो. घ्यायचा नव्हता, नुसता बघायचा होता. बाजाराच्या टोकाला मुकादमानं माणसं उभी केली होती..."

"नाव घे."

"कोणाचं?"

"मुकादमाचं. तो नाव घेतो. तू गाळलंस."

ताई दारात होत्या. बाहेर बाजारातला गलबला येत होता.

"सुपडू," मी म्हटलं.

"हां. पुढं."

"सुपडू मुकादमानं माणसं रांगेत उभी केली. त्याच्या हातात काठी होती. काठी एका माणसाकडं केली, मग दुसऱ्याकडं केली. ड्रायव्हरला म्हणाला, ह्याच्यापासून त्याच्यापर्यंत, सगळे गाडीत. वेस्ता मध्ये होता. मी त्या शेवटच्या माणसाच्या पलीकडं उभा होतो. मला घेतलं नाही. गाडी निघाली. भाऊ चालला म्हणून मी पळत सुटलो आणि मागच्या फळीला लोंबकळलो. सुपडू हसला. म्हणाला, घ्या रे ह्यालाही..."

"तो हसला," रेमलीबाई म्हणाली, "ते मला सगळ्यात लागतं. नेलं तर नेलं. पोट त्यालाही असेल. पण हसला कशाला?"

मी पेटीकडं बघितलं.

केंद्रात सगळे मला आप्पा म्हणत. तिला माझं दुसरं नाव माहीत असायचं कारण नव्हतं. त्या काळात मला मोठ्या मिशा होत्या, डोक्याला लाल पटका असायचा. बायका त्या ट्रकपर्यंत कधी आल्या नाहीत. पाड्यांवर मी जात नसे. शिक्षक चल म्हणायचा तेव्हा गुडघ्याचं कारण सांगायचो. दोन हंगाम मी माणसं भरली. तिसऱ्या वर्षी, पहिल्यांदा परत आलेल्यांपैकी एकाला बाजारात मोटेसारखा श्वास ओढत बसलेला बघितलं, आणि पुन्हा काठी धरली नाही. पण गिरणीत जाऊन कोणाला सोडवूनही आणलं नाही. पुढं केंद्रात नोकरी लागली आणि एकेक करून ती माणसं फायली होऊन माझ्याच हाताखाली आली. बाकीचे नुसते मुकादम म्हणाले होते. झिप्रूनं नाव घेतलं होतं. त्याची प्रत लिहून घ्यायला द्यायची मी टाळत आलो. झेड शेवटी येतो, असं म्हणत.

मी मुद्दाम पुसलं का, असं मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. मुद्दाम पुसायचं असतं तर पुसायची फाइल नेमकी तीच होती. ती तेवढी राहिली. पण आदल्या मंगळवारी रेमलीबाई गेल्यावर, हे सगळं एकदा नाहीसं व्हावं असं माझ्या मनात आलं होतं, हेही खरं. मनात आलेलं बोटांना किती कळतं, मला माहीत नाही.

"का थांबलास?" रेमलीबाईनं विचारलं.

मी स्टुलावरून उठलो, संगणकासमोर बसलो आणि माझा कप्पा उघडला. लावलं.

पहिला खोकला आला आणि रेमलीबाईनं पेटीवर थापड मारली. "आहे की! खोटारडी कुठली!" ती हसत होती, रडतही होती. ताई पुढं आल्या, त्यांनी माझ्या खुर्चीच्या पाठीला धरलं. सव्वाचार मिनिटं आम्ही तिघं ऐकत होतो. ताईंना पावरी तुटक कळायची. पण नाव कळायला भाषा लागत नाही. दरमहा पगाराच्या पावतीवर त्या नावाची सही त्याच घेत होत्या. नाव आलं तेव्हा खुर्चीची पाठ हलली.

रेमलीबाई टोपली घेऊन खुशीत गेली. गुरुवारी पाड्यावरच्या बाकी बायकांना घेऊन येते म्हणाली.

"आप्पा," ताई म्हणाल्या.

"हो."

"ही कुठं होती?"

"माझ्या कप्प्यात."

"शुक्रवारपासून?"

"हो, ताई."

त्यांनी खिडकी लावून घेतली. मग पुन्हा उघडली. "पिंगळ्यांना तुम्ही नाही म्हणालात. माझ्यासमोर."

"हो."

"गुरुवारी ती फाइल ऐकवायची म्हणजे वकील पहिला प्रश्न काय विचारणार, कळतंय ना?"

"कळतंय."

"तुम्ही येणार?"

"येतो."

त्यानंतर गुरुवारपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

समिती सरकारी विश्रामगृहाच्या दालनात बसली. टेबलामागं तीन साहेब. बाजूला मालकाचा वकील, तरुण, गोड बोलणारा. भिंतीला टेकून खाली बायका बसल्या होत्या, पंधरा-वीस. रेमलीबाई सगळ्यात पुढं, कारण तिच्या नवऱ्याचा आवाज लागणार होता. एखाद्या लग्नात वरमाय बसावी तशी ती बसली होती.

मी पेटी जोडली. आवाज लागला. लिहून घेणाऱ्या मुलीनं शब्द न् शब्द मराठीत सांगितला. मधल्या साहेबांनी पेन खाली ठेवून ऐकलं.

संपल्यावर वकील उठला. "साहेब, ऐकून वाईट वाटलं. पण हा आवाज कोणाचा, कशावरून? हा वेस्ता कोण? आणि हा सुपडू नावाचा मुकादम? असा मुकादम आमच्याकडं नव्हता. कोणाकडंच नसावा. गोष्टीत एक दुष्ट माणूस लागतो, म्हणून घातलेला दिसतो."

दोघं-तिघं हसले. ताई समोर बघत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही. मी नसतो उठलो तरी त्या काही बोलल्या नसत्या, हे मला आजही पटतं.

"मी सुपडू," मी म्हटलं.

"तुम्ही इथले शिपाई ना?" वकिलानं विचारलं.

"आता शिपाई. तेव्हा मुकादम होतो. ट्रक मी भरून दिला. दोन हंगाम. गिरणीच्या मागच्या फाटकातून आत न्यायचो, तिथं हजेरी घेत नसत. म्हणून पटावर नावं नाहीत."

मधल्या साहेबांनी पेन उचललं. "कोणाकोणाला नेलं? नावं सांगता येतील?"

मी सांगितली. दित्या, जात्र्या, खात्र्या, नुरला, तेरसिंग, वेस्ता. बापाच्या नावासकट, पाड्यासकट. साहेब लिहीत होते, मी थांबत होतो, ते मान हलवायचे, मी पुढचं घ्यायचो. बायकांच्या बाजूनं एकेका नावाला एकेक हुंकार येत होता. बेचाळीस नावं व्हायला बराच वेळ लागला.

"कमाल आहे," वकील म्हणाला. "मस्टर नाही, कागद नाही, आणि इतक्या वर्षांनी तुम्हाला बेचाळीस नावं पाठ?"

"तेव्हा एकही माहीत नव्हतं, साहेब. नंतर शिकलो."

वकील खाली बसला.

मला जबाबावर सही करायला बोलावलं. जाताना बायकांच्या समोरून जावं लागलं. रेमलीबाई माझ्या तोंडाकडं बघत होती. मिशा लावून बघत असावी. मी तिच्यासमोर थांबलो. तिनं पाय आवरून घेतले, मला जायला वाट दिली.

गिरणीला दोन महिन्यांनी सील लागलं. त्या दिवाळीनंतर आमच्या बाजारात ट्रक लागला नाही. दुसऱ्या कुठल्या बाजारात लागला असेल तर मला माहीत नाही. माझ्यावर खटला झाला, त्यात काय झालं ते सांगण्यासारखं नाही. शिक्षा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. सुटून आलो तेव्हा ताईंनी केंद्राची किल्ली पुन्हा माझ्याच हातात दिली. का दिली ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

रेमलीबाई येतच होती. मी परतल्यावरच्या पहिल्या मंगळवारी ती दारात थांबली आणि ताईंना म्हणाली, "ह्याला बाहेर काढ. दुसरं कोणी लाव."

मी बाहेर जाऊन कडुलिंबाखाली बसलो. तेव्हापासून तसंच. ताई लावायच्या, कधी ती मुलगी लावायची, एखाद्या मंगळवारी सुट्टी काढून पिंगळेसर आले तर ते. खिडकीतून ऐकू यायचं. खोकला, बैल, रांग, काठी, माझं नाव, माझं हसणं. सव्वाचार मिनिटं. मग ती बाहेर यायची, माझ्यावरून नजर न फिरवता टोपली उचलून जायची. असे किती मंगळवार झाले, मोजले नाहीत.

आता ती फार थकली आहे. नातसून तिला जीपनं आणते. कान जवळजवळ गेलेत. पेटीचा आवाज वाढवत वाढवत सगळ्यात वर नेला तेव्हा कुठं तिला ऐकू येतं. मग तो केंद्रात मावत नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर जातो, रस्त्यावर जातो, बाजारात मिरच्या विकायला बसलेल्या बायकांपर्यंत जातो. त्यातल्या बऱ्याच जणी पावरी बोलणाऱ्या. नाव आलं की त्या माना वळवून कडुलिंबाकडं बघतात.

मागच्या मंगळवारी पिंगळेसर आले होते. त्यांचेही केस पिकलेत. त्यांनी लावून दिलं आणि खिडकीशी येऊन हळूच मला विचारलं, "आप्पा, आवाज जरा कमी करू का? सगळ्या बाजाराला ऐकू जातंय."

मी म्हटलं, "तिला ऐकू येणार नाही. राहू द्या."